तात्पुरतें कुंपण

इमारत बांधली जाते ती शंभर वर्षांच्या हिशेबानें. तिच्याभोंवतीं घातलेलें कुंपण मात्र वर्षा-दोन वर्षांपुरतेंच असतें. इमारतीचा नकाशा तयार होतो, पायाची खोली ठरते, लोखंडाचें वजन मोजलें जातें. कुंपणाचा विचार बहुधा सर्वांच्या शेवटीं होतो, आणि तोहि ‘तात्पुरतेंच तर आहे!’ या उद्गारापाशीं संपतो. परंतु रस्त्यानें जाणारा वाटसरू, शाळेंतून परतणारें मूल आणि पायासाठीं खणलेला खोल खड्डा यांच्यामध्यें उभें असतें तें हेंच कुंपण. त्याचा इतिहास म्हणजे ‘तात्पुरतें’ या एका शब्दाआड दडलेल्या हयगयीचा, आणि ती दूर करण्यासाठीं कायद्यानें व कारागिरीनें केलेल्या प्रयत्नांचा इतिहास होय.

मुंबईकरांच्या तोंडीं असलेला ‘होर्डिंग’ हा शब्द आज जाहिरातीच्या फलकाला लावतात. पण इंग्रजींत त्याचा जुना अर्थ बांधकामाभोंवतींचें फळ्यांचें कुंपण असा आहे. मध्ययुगीन युरोपांत किल्ल्याला वेढा पडण्याची चिन्हें दिसूं लागलीं कीं तटाच्या माथ्यावर लाकडी सज्जे उभारीत. त्यांनाहि हेंच नांव असून त्याचें मूळ जुन्या फ्रेंच भाषेंत आहे. संकट टळलें कीं ते सज्जे उतरवीत. तात्पुरतेपणा हा असा या शब्दाचा जुनाच सोबती आहे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शहरें झपाट्यानें वाढूं लागलीं, आणि अरुंद रस्त्यांच्या कडेला पाडापाडी व बांधाबांध नित्याची झाली. १८४७ सालीं पार्लमेंटानें शहरसुधारणेसंबंधीं जो कायदा केला, त्यांत या कुंपणाला वेगळें कलम मिळालें. घर बांधणाऱ्यानें वा पाडणाऱ्यानें रस्त्याला अडथळा होत असल्यास अगोदर कुंपण घालावें. जागा असेल तेथें पादचाऱ्यांसाठीं बाहेरच्या अंगाला कठड्यासह फळ्यांची पायवाट करावी. काम चालू असेपर्यंत कुंपण सुस्थितींत राखावें. आणि अपघात टळावा म्हणून जरूर तेव्हां रात्रीं तेथें दिवा ठेवावा, अशी ती आज्ञा होती. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांतहि याच धर्तीची तरतूद झाली. म्हणजे कुंपण हें मालकाच्या विटा-चुन्याच्या रक्षणापुरतें नसून बाहेरच्या माणसासाठींहि आहे, हें तत्त्व तेव्हांच मान्य झालें होतें.

तत्त्व मान्य झालें, पण व्यवहारानें निराळीच वाट धरली. रस्त्याकडेची सपाट, लांबलचक फळी जाहिरात चिकटविणाऱ्यांच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें. जॉन ऑर्लँडो पॅरी या चित्रकारानें १८३५ सालीं लंडनच्या एका रस्त्याचें जें चित्र काढलें, त्यांत एकावर एक चिकटविलेल्या जाहिरातींनीं सारा पृष्ठभाग झांकून गेलेला दिसतो. पुढें कुंपण मागें पडलें आणि जाहिरातच त्या नांवाची धनीण झाली. कुंपणाकडे लोक पाहूं लागले, परंतु तें मजबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नव्हे!

मोडक्या कुंपणाची खरी किंमत न्यायालयांत कळली. पुढील दोन खटले बांधकामाचे नव्हेत. पण प्रश्न तोच होता. स्कॉटलंडांतील एका कोळशाच्या खाणीजवळ चार वर्षांचें एक मूल दोर ओढणाऱ्या चाकांत सांपडून मरण पावलें. भोंवतालच्या वईला भगदाडें होतीं. १९२९ सालीं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, परवानगीवांचून आंत शिरणाऱ्याविषयीं मालकावर काळजी घेण्याची जबाबदारी नाहीं. पुढें १९६५ सालीं लंडनच्या दक्षिणेस मिचम येथें सहा वर्षांचा एक मुलगा रेल्वेच्या मोडलेल्या कुंपणांतून आंत गेला आणि विजेच्या रुळानें भयंकर भाजला. १९७२ सालीं त्याच न्यायासनानें आपला जुना निर्णय बाजूस सारला व साध्या माणुसकीला धरून असलेलें कर्तव्य मालकाला चुकवितां येणार नाहीं, असें ठरविलें. १९८४ च्या कायद्यानें या विचाराला पक्कें रूप दिलें. मूल सूचनाफलक वाचून थांबत नाहीं. त्याला थांबवितें तें कुंपणच, ही गोष्ट कायद्याला पटण्यास त्रेचाळीस वर्षें लागलीं.

दरम्यान कुंपणाचें रूपहि पालटलें होतें. १९५२ सालीं स्थापन झालेल्या हेरास या डच कंपनीचें नांव ब्रिटनमध्यें पोलादी नळीच्या चौकटींत बसविलेल्या तारेच्या जाळीला सरसकट लावलें जाऊं लागलें. असा एक ताटवा साधारण साडेतीन मीटर लांब व दोन मीटर उंच असतो. ठोकळ्यांच्या भोंकांत त्याचे पाय रोंवले आणि शेजारच्या ताटव्याशीं तो पकडींनीं जोडला, कीं जमीन न खणतां कुंपण तयार होतें. परंतु जें चटकन् उभें राहतें, तें चटकन् उचकटतांहि येतें. म्हणून प्रत्येक सांध्याला एका पकडीऐवजीं दोन पकडी आल्या. बाहेरच्याला पान्यानें सोडवितां येऊं नयेत म्हणून त्यांचे नट आंतल्या बाजूस वळविले गेले. बुटाचा चवडा शिरूं नये इतकी बारीक जाळी निघाली, आणि मागून तिरकस टेकू देऊन त्यावर वजन ठेवण्याची पद्धति आली.

चोराला व मुलाला अडविलें तरी तिसरा शत्रु उरतो, तो वारा. जाळींतून वारा बहुतांशीं आरपार जातो. पण तिच्यावर कापड वा पत्रा चढविला कीं त्याच ताटव्याचें शीड होतें. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारें २४ किलोंचा दाब देतो. सात चौरस मीटरच्या झांकलेल्या ताटव्यावर हा भार १७० किलोंच्या घरांत जातो, आणि त्याचा पाया म्हणजे एका माणसाला सहज उचलतां येणारा ठोकळा! वेग दुप्पट झाला कीं भार चौपट होतो. उंची दुप्पट केली तर उलथविणारा जोरहि चौपट. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळांत एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. तें बांधकामाचें कुंपण नव्हतें, पण वारा असले भेद ओळखत नाहीं.

‘कुंपणच शेत खातें’ ही म्हण मराठींत बेइमान राखणदारासाठीं वापरतात. वाटसरूच्या अंगावर पडणारें कुंपण तिचा अक्षरशः प्रत्यय देतें. इमारत पुरी झाली कीं तें निघून जाईल, आणि कोणाला त्याची आठवणहि राहणार नाहीं. तसेंच व्हावें, परंतु तें उभें आहे तोंवर त्याच्याबाहेरून जाणाऱ्यांचे प्राण कांहीं तात्पुरते नसतात.