आर्क्टिक संशोधन : खाती अनेक, आराखडा एक

आर्क्टिक महासागरावरील बर्फ पातळ होत असल्याचा एक महत्त्वाचा पुरावा अनेक वर्षे अमेरिकी नौदलाच्या दप्तरात बंद होता. शीतयुद्धाच्या काळात अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या बर्फाखालून प्रवास करताना त्याची जाडी नोंदवीत असत. गोपनीयतेमुळे या नोंदी शास्त्रज्ञांना उपलब्ध नव्हत्या. १९९०च्या दशकात त्या खुल्या होऊ लागल्या आणि काही पाणबुडी मोहिमा संशोधनासाठीही निघाल्या. १९५८ ते १९७६ या काळातील नोंदींची १९९०च्या दशकातील मोजमापांशी तुलना करणारे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्फाच्या पाण्याखालील भागाची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आल्याचे त्यातून दिसले.

अलास्कामुळे अमेरिका आर्क्टिक राष्ट्र ठरते. मात्र तेथील संशोधन नौदल, तटरक्षक दल, 'नासा', हवामान व महासागरविषयक 'नोआ', ऊर्जा, अंतर्गत व्यवहार, आरोग्य अशा अनेक खात्यांत विभागलेले आहे. त्यांच्यात मेळ राहावा यासाठी १९८४ मध्ये 'आर्क्टिक संशोधन व धोरण कायदा' करण्यात आला. या कायद्याने दोन यंत्रणा निर्माण केल्या. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला आर्क्टिक संशोधन आयोग उद्दिष्टे सुचवितो. या आयोगात आर्क्टिकमधील मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधीलाही स्थान आहे. दुसरी यंत्रणा म्हणजे आंतरखाते समिती. तिचे नेतृत्व नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे सोपविण्यात आले.

पाच वर्षांचा संशोधन आराखडा तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम. समितीकडे वाटप करण्यासाठी स्वतंत्र निधी नाही. प्रत्येक खाते आपल्याच अंदाजपत्रकातून खर्च करते. म्हणूनच, सर्व खात्यांच्या आर्क्टिकविषयक मागण्यांचा एकत्रित विचार व्हावा, अशी तरतूद कायद्यात आहे. २०१० मध्ये ही समिती राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेच्या कक्षेत आणली गेली. २०२२ ते २०२६ च्या आराखड्यात स्थानिक समाजांची सुरक्षितता व आरोग्य, निसर्गातील बदल आणि शाश्वत अर्थव्यवस्था या विषयांवर भर देण्यात आला.

अशा सहकार्याचे फळ २०११ मध्ये दिसले. तटरक्षक दलाच्या 'हीली' या बर्फफोड्या जहाजावरून 'नासा'ने आखलेली मोहीम चुकची समुद्रात गेली होती. सुमारे मीटरभर जाडीच्या बर्फाखाली सूक्ष्म वनस्पतींची प्रचंड वाढ झालेली तेथे आढळली. बर्फाखाली पुरेसा प्रकाश पोहोचत नाही, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलली. उपग्रहांना बर्फाखालचे दिसत नाही. जहाजाखेरीज हा शोध लागला नसता.

भारतासमोरही हाच प्रश्न आहे. स्वालबार्ड येथील 'हिमाद्री' हे भारताचे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. त्याची धुरा गोव्यातील ध्रुवीय संशोधन संस्थेकडे आहे. परंतु २०२२ च्या भारतीय आर्क्टिक धोरणात विज्ञानाबरोबरच वाहतूक, अर्थकारण व परराष्ट्र संबंध यांचाही समावेश असल्याने अनेक मंत्रालयांचा संबंध येतो. अमेरिकेच्या अनुभवाचा बोध एवढाच, की समिती नेमणे सोपे असते; आपल्या दप्तरातील नोंदी दुसऱ्या खात्यासाठी खुल्या करणे, ही समन्वयाची खरी कसोटी होय.