पाणबुडीतून धुराड्याकडे

अमेरिकेच्या अणुपाणबुडीतून रजेवर परतणाऱ्या नौसैनिकाच्या कपड्यांना एक उग्र वास चिकटलेला असे. डिझेल आणि तळणाच्या वासात मिसळलेला तो वास होता मोनोइथेनॉलअमाइनचा. शंभराहून अधिक माणसे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली श्वास घेत, ती याच द्रवाच्या जिवावर. थंड असताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, तापवला की सोडून देतो आणि पुन्हा कामाला हजर होतो.

जहाजाच्या धुरातला कार्बन पकडण्याच्या ज्या यंत्रणांचा आज एवढा गाजावाजा आहे, त्यातल्या बहुतेकींचे मूळ अशाच अमाइन द्रवांत आहे. अमाइनने वायू धुण्याच्या पद्धतीचे पेटंट केंटकीतल्या गर्डलर कंपनीच्या रॉबर्ट बॉटम्स यांनी १९३० मध्ये मिळवले. त्यांना हवामानाची चिंता नव्हती; वायूमिश्रणातले आम्लधर्मी वायू तेवढे वेगळे करायचे होते.

पाणबुडीत पकडलेला वायू दाबून सरळ समुद्रात सोडत. सगळी गोम इथेच आहे.

नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर बसवला, तेव्हा वायू असा सोडून देणे महाग पडू लागले. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्रातील नैसर्गिक वायूत नऊ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड होता आणि विक्रीसाठी तो अडीच टक्क्यांवर आणणे भाग होते. भर समुद्रातच अमाइनने तो वेगळा काढला गेला आणि १९९६ पासून तळाखालच्या वालुकाश्मात पुरला जाऊ लागला, वर्षाला सुमारे दहा लाख टन. कर नसता, तर ते क्षेत्र चालवणाऱ्या कंपनीने ही हौस केली असती असे वाटत नाही.

स्लाइपनरला पुरायची जागा पायाखालीच होती. चालत्या जहाजाला ती कुठून मिळणार? एक टन जड तेल जाळले की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो. सगळा पकडायचा म्हटला, तर जाळलेल्या इंधनाच्या तिप्पट वजन साठवत जायचे. शिवाय अमाइन तापवायला उष्णता हवी, वायूचा द्रव करायला वीज हवी.

ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने ‘कोरोना युटिलिटी’ या कोळसावाहू जहाजावर छोटी प्रायोगिक यंत्रणा बसवली; पकडलेल्या वायूची शुद्धता ९९.९ टक्क्यांहून अधिक निघाली. २०२५ च्या आरंभी नॉर्वेच्या सोलव्हांग कंपनीचे ‘क्लिपर एरिस’ पूर्ण आकाराची यंत्रणा घेऊन सिंगापूरहून निघाले. पकडणे जमते, एवढे ठरले.

उतरवण्याचा प्रयोग जून २०२५ मध्ये शांघायच्या यांगशान बंदरात झाला. ‘एव्हर टॉप’ या कंटेनर जहाजावरचा सुमारे पंचवीस टन द्रवरूप वायू दुसऱ्या जहाजात भरला, मग ट्रकने दूर इनर मंगोलियात नेला. तिथे पोलाद कारखान्यातल्या धातुमळीशी संयोग करून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनवायचे होते. पंचवीस टन म्हणजे आठेक टन तेलाचा धूर. एवढे तेल असे जहाज काही तासांत जाळते.

युरोपीय संघ कायमचा पुरलेला कार्बन जहाजाच्या हिशेबातून वजा करतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मात्र त्यासाठीची नियमावली रचण्याचा कार्यक्रमच एप्रिल २०२५ मध्ये आखला, आणि बहुतेक बंदरांत हा द्रव उतरवून घ्यायची सोयही अजून नाही.