मध्यरात्रीचा सूर्य आणि घाटमाथ्याचा पाऊस

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या तोंडावर एक चित्र हमखास दिसते. निळे-काळे पाणी, त्यात तरंगणारे हिमखंड, पांढरेशुभ्र जहाज आणि खाली ‘मध्यरात्रीचा सूर्य’ हे शब्द. द्राक्ष आणि टोमॅटोचे चार पैसे हाती आलेल्या आमच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतूनही आता नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत जाऊन आलेली माणसे भेटतात. ओळखीतल्या एका बागायतदार जोडप्याने निघण्यापूर्वी मला विचारले, “तिकडे जायला सुरुवात कोणी केली? आणि आपला त्या मुलखाशी काही संबंध आहे का?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याच्या मागे लागल्यावर जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

सहलीची सुरुवात

आर्क्टिकच्या पाण्यात हौसेखातर जाण्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याआधी तिकडे जात ते देवमासे मारणारे, कातड्यांचे व्यापारी आणि सागरी मार्ग शोधणारे नौसैनिक. १८७५ साली थॉमस कुकच्या कंपनीने नॉर्थ केपची सहल काढली. हा कडा ७१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १८८९ पासून जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म दर उन्हाळ्यात आपली नौका घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याने फिरू लागला आणि श्रीमंत युरोपियनांत या प्रवासाची फॅशन पडली. १८९३ मध्ये रिचर्ड विथ या नॉर्वेजियन कप्तानाने किनाऱ्याची टपाल-जहाज सेवा सुरू केली. तीच आजची हुर्टिगरुटन. याच विथने १८९६ मध्ये हामरफेस्टहून थेट स्पिट्सबर्गेनपर्यंत उन्हाळ्यात साप्ताहिक फेरी सुरू केली. तेथे ॲडव्हेंट उपसागराच्या काठी लाकडी हॉटेलही बांधले. नान्सेनच्या ‘फ्राम’ जहाजाचा नावाजलेला कप्तान ओट्टो स्वेरद्रुप पुढे या सहलीच्या जहाजावर कप्तान म्हणून आला. हॉटेल फार काळ चालले नाही, पण त्या भूशिराला आजही ‘हॉटेलनेसेट’ म्हणजे हॉटेलचे टोक म्हणतात. जवळच लाँगयिअरबीनचा विमानतळ आहे.

लोक काय पाहायला जात होते? न मावळणारा सूर्य. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे साडेसहासष्ट अंशांच्या वर उन्हाळ्यात काही काळ सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. लाँगयिअरबीनला हा काळ साधारण २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असतो. जुन्नर १९ अंशांवर, म्हणून आमचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. आमच्याकडे सूर्याची वेगळीच गंमत. तो वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि भरदुपारी सावली नाहीशी होते, एकदा मेच्या मध्यावर आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीकडे. दुसरा दिवस बहुधा ढगातच जातो.

सिंहगडावरून पाहिलेला ध्रुव

स्पिट्सबर्गेनच्या साप्ताहिक फेऱ्या चालू होत्या, त्याच काळात, सप्टेंबर १८९७ मध्ये, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. मॅक्सम्युलरने आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांना तुरुंगात पाठवली. टिळक १८९८ च्या सप्टेंबरात सुटले आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी नव्या ग्रंथाचा पहिला मसुदा तयार केला. तोच पुढे १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या नावाने निघाला. सिंहगडावरील त्यांच्या मुक्कामांशी या ग्रंथाचे नाते मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

वैदिक आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, हा टिळकांचा सिद्धांत आज पुरातत्त्वज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. मला येथे त्यांच्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे. ध्रुवावर आकाश कसे दिसेल आणि ध्रुववृत्तात पण ध्रुवाच्या खाली कसे दिसेल, यांची लक्षणे त्यांनी दोन वेगळ्या याद्यांत मांडली. ध्रुवावर वर्षातून एकच पहाट. ती क्षितिजाभोवती चाकासारखी फिरत महिना-दोन महिने टिकते. सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र. खाली सरकल्यावर दीर्घ दिवस आणि दीर्घ रात्र यांच्या मध्ये साधे दिवस-रात्रही येतात. मग तैत्तिरीय संहितेतील तीस उषा, मेरूवरील देवांचा सहा महिन्यांचा दिवस, अशा उल्लेखांशी त्यांनी ती लक्षणे ताडून पाहिली. आधारासाठी त्यांनी अमेरिकन लेखक वॉरनचे १८८५ चे पुस्तक आणि ध्रुवप्रदेशात राहिलेल्या नाविकांची वर्णने घेतली. टिळक स्वतः कधी त्या भागात गेले नाहीत. पुढे १९१८-१९ मध्ये इंग्लंडला गेले, तेवढेच काय ते उत्तरेकडे. पण पहाट किती दिवसांची, सूर्य कोणत्या दिशेला किती वर, हे त्यांनी कागदावर ज्या काटेकोरपणे मांडले, तेवढे जहाजाच्या डेकवरून सूर्य पाहून आलेल्या किती प्रवाशांनी टिपले असेल?

त्वेरचा व्यापारी जुन्नरात

आता उलट दिशेचा प्रवासी पाहू. जुन्नरला परका माणूस नवा नाही. नाणेघाट चढून आलेल्या व्यापाराने हे गाव वाढवले. येथील लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. पंधराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात आलेला अफानासी निकितिन मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा हा रशियन व्यापारी. त्वेर ध्रुववृत्तात येत नाही, पण तेथील हिवाळा नदी गोठवणारा. वाटेत लुटला गेलेला निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेव्हा येथे बहमनी सत्तेचा अंमलदार असदखान होता. त्याने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. एका खुरासानी अधिकाऱ्याने मध्ये पडून त्याची सुटका केली आणि घोडाही परत मिळवून दिला.

निकितिनने जुन्नरात पावसाळा काढला आणि आपल्या ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या टिपणांत त्याचा उल्लेख ‘हिवाळा’ असा केला. जूनमध्ये लागलेला आणि चार महिने चाललेला हिवाळा! कारण उघड आहे. त्याच्या गावी वर्षाचे दोनच मोठे भाग, माणूस फिरू शकतो तो आणि माणूस अडकून पडतो तो. अडकून पडण्याच्या ऋतूला त्याच्याकडे एकच शब्द होता. पण शब्द घरचा असला तरी नजर इथली होती. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, त्याच चिखलात लोक नांगरतात, पेरतात, काय पेरतात, घोड्याला काय चारतात, सारे त्याने लिहिले. शिवनेरीचा खडक माणसाने घडवलेला नाही, वाट इतकी अरुंद की दोघे एकदम जाऊ शकत नाहीत, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. जुन्नरच्या पावसाळी शेतीचे पाचशे वर्षांपूर्वीचे इतके रोखठोक चित्र आमच्या गावच्या इतिहासाला एका उत्तरेकडच्या माणसाने दिले आहे. तो घरी पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या जवळ वाटेत वारला. वही मात्र पोहोचली.

बर्फ हटला, जहाजे आली

टिळकांचा ग्रंथ छापला गेला त्याच १९०३ च्या जूनमध्ये रोआल्ड आमुंडसेन ‘यिओआ’ नावाच्या लहान नौकेतून कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधला वायव्य सागरी मार्ग पार करण्यासाठी निघाला. त्याला तीन वर्षे लागली. त्याआधी १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन याच मार्गाच्या शोधात गेला होता. जहाजे बर्फात अडकली आणि १२९ माणसांपैकी एकही परतला नाही.

१९८४ मध्ये ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ या छोट्या प्रवासी जहाजाने हा मार्ग पार केला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘क्रिस्टल सेरेनिटी’ हे आलिशान जहाज सुमारे हजार प्रवासी घेऊन अलास्काहून निघाले आणि ३२ दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचले. तिकीट वीस हजार डॉलरच्या वर. मदतीला बर्फात चालणारे एक जहाज आणि हेलिकॉप्टर होते, पण वाट मुळात मोकळी होती. त्याच उन्हाळ्यात, सप्टेंबरमध्ये, ‘टेरर’चे अवशेष समुद्रतळाशी सापडले. ज्या पाण्याने फ्रँकलिनची माणसे गिळली, तेथून एकशे एकाहत्तर वर्षांनी लोक जेवणाच्या टेबलावरून किनारा पाहत गेले. यात जहाजबांधणीची, नकाशांची आणि उपग्रहांची कमाई आहे. पण उन्हाळी बर्फ घटले, हेही त्याचे तितकेच मोठे कारण आहे. म्हणजे जे पाहायला जायचे ते कमी होत आहे म्हणून जाणे सोपे झाले आहे.

या प्रवासात जहाज उलुखाक्तोक या इन्युइट गावी थांबले. गावाची वस्ती चारशेच्या आसपास, आणि जहाजावर त्याच्या दुपटीहून अधिक माणसे. प्रवाशांना गटागटाने किनाऱ्यावर नेण्यात आले. चारशेच्या वस्तीत हजार पाहुणे म्हणजे काय, हे आम्हाला सांगावे लागत नाही. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी माळशेज आणि नाणेघाटात गाड्यांची रांग लागते. धबधब्याखाली नाचणाऱ्या पाहुण्याला पाऊस दोन तासांचा. खाली भाताच्या खाचरात वाकलेल्या आदिवासी बाईला तो चार महिन्यांचा, आणि वर्षाच्या भाताचा. पाहुण्यांमुळे चहा-कणसाचे चार पैसे होतात, हेही खरे. वाईट पाहुणा आणि चांगला पाहुणा यांतला फरक यजमानाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. इन्युइटांनाही कळत असणार.

स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेने आता नियम कडक केले आहेत. २०२५ पासून संरक्षित भागांत दोनशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना मज्जाव आहे. पांढऱ्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर अंतर ठेवावे लागते आणि वसंतात पाचशे मीटर. घाटात असे काही करता येईल का, याचा विचार आम्हीही करायला हरकत नाही.

२३ जुलै, ३० जुलै

त्या जोडप्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. स्वालबार्डविषयीचा करार ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला. तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थानही त्यात सामील होता आणि तो हक्क आजच्या भारताकडे आला. १ जुलै २००८ रोजी तेथील न्यू-ऑलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. २३ जुलै २०१४ रोजी भारतीय शास्त्रज्ञांनी तेथील काँग्सफ्योर्डमध्ये ‘इंडआर्क’ नावाची यंत्रणा पाण्याखाली सोडली. समुद्राचे तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजायचे, आणि आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मान्सूनशी काय संबंध आहे हे तपासायचे, हा तिचा हेतू.

त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ३० जुलैच्या सकाळी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर खचला. दीडशेच्या वर माणसे गेली. गाव दिसत नाही ही गोष्ट पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आली, हे आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. या दोन तारखांत कार्यकारणभाव शोधायचा नाही. माळीणच्या कारणांत उताराची माती, जमिनीचा वापर आणि त्या दिवसांतला मुसळधार पाऊस अशा अनेक गोष्टी येतात. पण अतिवृष्टी कधी आणि का होते, हा आमच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा ७९ अंशांवरच्या पाण्यात शोधला जात आहे. कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरमधील अतिवृष्टी यांच्यात दुवा असण्याची शक्यता गोव्याच्या केंद्रातील संशोधकांनी अलीकडे मांडली आहे. शक्यता म्हणजे सिद्धता नव्हे. पण माळीणच्या तालुक्यातल्या माणसाला ती दूरची बातमी वाटत नाही.

त्यामुळे त्या जोडप्याला मी ‘जाऊ नका’ असे सांगितले नाही. त्यांना एक कोरी वही दिली. सूर्य मध्यरात्री क्षितिजापासून किती वर होता, पाऊस पडला की बर्फ, वाटाड्याने हिमनदी पूर्वी कुठपर्यंत होती म्हणून दाखवली, किनाऱ्यावरची माणसे काय खातात, पाहुण्यांबद्दल काय बोलतात, तारीख घालून लिहा, एवढेच म्हणालो. निकितिनकडे यापेक्षा जास्त साधने नव्हती. मराठीत अशा नोंदी फार थोड्या आहेत आणि दर उन्हाळ्यात जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही, पत्रे किंवा तारखेसह काढलेली छायाचित्रे असतील, तर त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात जरूर ठेवावी.