मजबूत आणि जप्त

इंग्रजी बातमीत ‘बीफ्ड-अप सिक्युरिटी’ असं वाचायला मिळतं. बीफ म्हणजे गोमांस. बोलीभाषेत त्याचाच अर्थ झाला अंगातली ताकद. होतं त्यावर मांस चढवलं की गोष्ट तगडी झाली, अशी ती कल्पना. मराठी वार्ताहर तिथे काय लिहितो? ‘बंदोबस्त मजबूत केला.’ आज आपण या ‘मजबूत’कडे बघू.

शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याच्या धातूचा अर्थ धरणे, ताब्यात ठेवणे. म्हणजे मजबूत हे आधी ‘बळकट’ नव्हतंच. ते होतं घट्ट धरलेलं, बेतात ठेवलेलं. कैरोत आजही ‘मजबूत’ कॉफी मागा, बेताच्या साखरेची मिळेल. आणि त्याचे आपल्याकडचे भाऊबंद कोण? जप्त, जप्ती, जुन्या कागदपत्रांतला जाबता. बंदोबस्तही फारसी, त्यात तर ‘बांधणे’ दोनदा आलंय.

आपण मात्र शब्द सैल सोडला. मजबूत जेवलो, मजबूत मार बसला, लग्नात मजबूत खर्च झाला. इथे तो नुसता ‘भरपूर’ असतो. हा अर्थ कळायला कोशापेक्षा चौकात उभं राहिलेलं बरं! माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (1925) आपल्याला अतिशय प्रिय, तरीही हेच म्हणू.

पण सरकार मजबूत होतं तेव्हा मूळ अर्थ जागा होतो. हे आपल्या इस्लामपुरात घडलेलं आहे. 10 सप्टेंबर 1942. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. मोर्चा कचेरीवर आला आणि गोळीबार झाला. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील भूमिगत होते. ते 1946 पर्यंत सापडले नाहीत. मग सरकारने काय केलं? त्यांच्या घरादारावर, जमिनीवर जप्ती आणली. माणूस धरता येईना म्हणून त्याचं घर धरलं. मजबूत सरकार आणि जप्त घर, दोन्ही शब्द एकाच धातूचे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

कचेरी तशीच उभी होती, शिपाई होते, बंदुका होत्या. पण प्रतिसरकारचा जोर असलेल्या गावांतले तंटे तिच्याकडे जायचे कमी झाले. निवाडे गावातच होऊ लागले. धरून ठेवण्याची ताकद, धातूच्या मूळ अर्थाने म्हणायचं तर, कचेरीच्या हातून निसटत चालली होती.