आग्रा रोडवरची मोड : ट्रकच्या जुन्या गिअरबॉक्सची कहाणी

निकामी गिअरबॉक्स उतरवून त्या जागी दुसऱ्या गाडीचा जुना पण चालू गिअरबॉक्स चढवणे, हे मालट्रकच्या दुरुस्तीत इंजिनाखालोखाल मोठे काम आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर हा व्यवहार ट्रकवाहतुकीबरोबरच वाढला. या रस्त्यावर धुळ्याच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर आहे. दोंडाईच्याकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ३; त्याची आणि सुरत-नागपूरकडच्या जुन्या महामार्ग ६ची गाठ धुळ्याला पडते, त्यामुळे या पट्ट्यात गॅरेज, टायरवाले आणि सुट्या भागांची दुकाने रुजली.

सोनगीर त्याआधीपासून तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. भांड्यांच्या बाजारात ‘मोड’ ही जुनी रीत आहे. फुटका हंडा किंवा चेपलेली घागर दुकानदाराला द्यायची, तिच्या वजनाची किंमत नव्या भांड्यातून वजा करायची आणि वरचे पैसे भरायचे. धातू वाया जात नाही, तो हात बदलतो. जुन्या गिअरबॉक्सचा व्यवहारही याच तत्त्वावर चालतो. तुटलेला गिअरबॉक्स विक्रेत्याकडे जमा होतो, त्याची किंमत वळती होते आणि गाडीमालक उरलेली रक्कम देतो. विक्रेता जमा झालेला गिअरबॉक्स खोलून चांगली चाके, शाफ्ट आणि कवच वेगळे करतो, बाकीचे भंगारात घालतो.

या बाजाराला सुरुवातीचा मोठा पुरवठा दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. लष्कराची जादा वाहने ‘डिस्पोजल’मध्ये विक्रीला निघाली आणि विदेशी बनावटीचे अनेक ट्रक खाजगी मालकांकडे आले. त्यांचे नवे भाग आयात करणे परवान्यांमुळे अवघड होते. त्यामुळे एक गाडी मोडून दुसरी चालवणे हाच मार्ग उरला. मुंबईत कुर्ल्याला जुन्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला.

पुढे देशी उत्पादनाने या धंद्याला स्थैर्य दिले. टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घडणीच्या गाड्या टाटांच्या नावाने निघत राहिल्या. अशोक लेलँडचे ट्रकही रस्त्यावर वाढले. एकच नमुना वर्षानुवर्षे निघत राहिल्याने एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला बसू लागला आणि जुन्या मालाला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

गिअरबॉक्स बिघडण्याची कारणे रस्त्यातच आहेत. मुंबईहून निघालेल्या गाडीला कसारा घाट, चांदवडजवळचा राहुड घाट, धुळ्याआधी लळिंग आणि शिरपूरच्या पुढे सातपुडा ओलांडावा लागतो. जादा भार घेऊन चढताना दातांवर ताण येतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडली आणि मग घाईने गिअर टाकला, तर दात झडतात. तेलाचे सील गळके असेल तर नुकसान आणखी वाढते. खालच्या दांड्याची, म्हणजे लेअर शाफ्टची, चाके तळातल्या तेलात फिरून ते वर उडवतात. तेलाची पातळी खाली गेली की वरचे बेअरिंग कोरडे पडते, तापते आणि जाम होते.

जुना माल पारखणे ही मिस्त्रीची खरी विद्या. तळाचा नट काढून तो थोडे तेल बोटांवर घेतो आणि चोळून उजेडात धरतो. बारीक चमक सगळीकडेच थोडीफार असते, पण बोटाला टोचणारा कीस लागला तर दात किंवा बेअरिंग गेलेले असते. मग तो इंजिनाकडचा दांडा, म्हणजे टॉप शाफ्ट, हाताने वर-खाली हलवून ढिलाई पाहतो, वरचे झाकण काढून एकेक गिअर टाकतो आणि पडलेला गिअर निसटतो का ते तपासतो.

चढवण्याआधी मापे जुळावी लागतात. टॉप शाफ्टवरच्या खाचा क्लच प्लेटशी, बेल हाउसिंगची भोके इंजिनाशी आणि एकूण लांबी प्रोपेलर शाफ्टशी मिळाली पाहिजे. गिअरचे गुणोत्तर वेगळे असेल तर चढावर ओढ आणि सपाटीवरचा वेग दोन्ही बदलतात. शंभर किलोंहून कितीतरी जड असलेला हा डबा चेनपुली आणि जॅकवर तोलून सरळ रेषेत आत सरकवतात. तो क्लच प्लेटवर लोंबकळला तर प्लेट वाकते. म्हणून गिअरबॉक्स उतरला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही पाहून घेतात.

कायद्याचाही या धंद्याला आधार झाला. नोंदणी पुस्तकात चासी आणि इंजिन यांचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे इंजिन बदलल्यास नोंद करावी लागते, गिअरबॉक्सला ती अडचण येत नाही. याच सोयीमुळे चोरीचा मालही शिरू शकतो, म्हणून गाडीमालकाने विक्रेत्याकडून पावती घेणे अगत्याचे असते.

अलीकडे चित्र बदलते आहे. देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढली. काही ट्रकांत गिअर बदलण्याचे कामही तीच करते. अशा ठिकाणी मापे जुळली तरी संगणकाशी जुळवणी करावी लागते. २०२१ च्या नियमांनी वाहने मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था आणली. साध्या, हाताने गिअर टाकण्याच्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यासाठी मोडीचा व्यवहार चालूच आहे.