फारच सुबक आकडे

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. वेदना टळली; पण शुद्धीवर येताना होणारी मळमळ आणि उलटी काही टळली नाही. रक्तातील द्रव्ये ओळखून उलटी चेतवणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असते, हे बोरिसन आणि वँग यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. तेथे पोहोचणारे रासायनिक संदेश अडविणारी इंजेक्शने पुढे आली. सिरोटोनिनचा संदेश अडविणारे ऑन्डान्सेट्रॉन अमेरिकेत १९९१ मध्ये मान्य झाले. ग्रॅनिसेट्रॉन हे त्याच्याच कुळातले.

या ग्रॅनिसेट्रॉनवर जपानी भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांनी चाचण्यांमागून चाचण्या प्रसिद्ध केल्या. २००० साली क्रांके, आप्फेल आणि रोव्हर या जर्मन डॉक्टरांनी शंका घेतली. औषध कोणतेही असो, डोके दुखणाऱ्या रुग्णांची संख्या अनेक निबंधांत सर्व गटांमध्ये सारखीच कशी? शंका छापली गेली. फुजींचे निबंधही छापले जातच राहिले.

२०१२ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजींच्या १६८ चाचण्या तपासल्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, की त्यांच्या सरासरी वयात, वजनात थोडा फरक पडतोच आणि तो साधारण किती पडेल हे गणिताने सांगता येते. फुजींचे आकडे त्या गणितात बसेनात. त्याच वर्षी जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २१२ निबंधांची चौकशी केली; त्यांपैकी १७२ बनावट ठरले.

ग्रॅनिसेट्रॉन उलटी रोखते, हे खरेच आहे. पण किती रोखते आणि किती मात्रेत, हा हिशेब बिघडला, आणि डॉक्टर त्यावरच विसंबून होते. याउलट आप्फेल यांच्याच पुढाकाराने झालेली, पाच हजारांवर रुग्णांची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रॉपेरिडॉल यांपैकी प्रत्येकाने धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटतो, असे तिच्यात आढळले. आकडा माफक, पण भरवशाचा.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. दहा गटांना प्रत्येकी २० वेळा नाणे उडवायला सांगावे. नेमके १० छापे पडण्याची शक्यता १०० पैकी सुमारे १८ च असते. दहाही गटांनी '१० छापे' असे लिहून आणले, तर नाणे उडवलेच नाही हे आपण ओळखू. पण ७ किंवा १३ छापे लिहून आणणाऱ्या मुलांचे गुण आपण कापत नाही ना, हेही पाहावे. 'पुस्तकातले उत्तर' आणण्याची सवय मुलांना तेथेच लागते.