जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीची खरेदी

जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीची खरेदी हा मराठवाड्यातील अल्प व मध्यम भूधारक कुटुंबांचा नेहमीचा, परंतु जोखमीचा आर्थिक व्यवहार आहे. ट्रॅक्टरमागे जोडल्या जाणाऱ्या, स्वतःचे इंजिन नसलेल्या या वाहनास बोलीभाषेत ‘ट्रॉली’ किंवा ‘ट्रेलर’ म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्यामुळे त्याची नोंदणी, मालकी हस्तांतरण आणि विमा हे विषय ट्रॅक्टरच्या कागदपत्रांत आपोआप सामावत नाहीत. जुनी ट्रॉली स्वस्त मिळते त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते: लोखंड शाबूत असते, कागद अपुरे असतात.

== पार्श्वभूमी ==

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावर आहे. परिसर काळ्या जमिनीचा असून सोयाबीन, कापूस, हळद आणि ऊस ही येथील प्रमुख पिके आहेत. हळद व ऊस यांचे वजन आणि आकारमान मोठे असल्याने शेतापासून बाजारापर्यंत किंवा कारखान्यापर्यंतची वाहतूक प्रामुख्याने ट्रॉलीतून होते. हळदीसाठी प्रसिद्ध असलेली वसमतची बाजारपेठ शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तर नांदेड शहर गावाच्या पूर्वेस जवळच आहे.

शेतमालाखेरीज ट्रॉलीचे कौटुंबिक उपयोगही अनेक आहेत. बांधकामाचे साहित्य, लग्नातील मांडवाचे सामान, यात्रेचा शिधा आणि स्थलांतराच्या वेळी संपूर्ण घरसंसार तिच्यातून वाहिला जातो. ऊसतोडणीस जाणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा कोप्यांचे बांबू व ताडपत्र्या, भांडीकुंडी, धान्य, शेळ्या आणि लहान मुले एकाच ट्रॉलीत असतात. पाश्चात्त्य देशांत बेताच्या उत्पन्नाची कुटुंबे प्रवासासाठी मोटारीमागे ओढण्याची जुनी कॅरव्हॅन विकत घेतात. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. परंतु मराठवाड्यातील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ओढगाडी म्हणजे ट्रॉलीच. दोहोंत एक मूलभूत फरक आहे. कॅरव्हॅन माणसांच्या मुक्कामासाठी बांधलेली असते, ट्रॉली मालासाठी. आणि कायदा तिला मालासाठीचेच वाहन मानतो.

== प्रकार ==

वापरातील ट्रॉल्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका अॅक्सलच्या दोनचाकी ट्रॉलीत मालाच्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड वाढते व चिखलात ती उपयोगी पडते. मात्र माल पुढे जास्त भरला गेल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नाही, आणि मागे जास्त भरल्यास हुक वर उचलला जातो. चारचाकी ट्रॉलीत पुढील अॅक्सल फिरत्या चकतीवर बसवलेला असतो. ती अधिक वजन पेलते, पण मागे घेताना चालकाची परीक्षा पाहते. हायड्रॉलिक जॅकने मागे कलणारी ट्रॉली माती, मुरूम व शेणखत यांसाठी सोयीची असते. ती साध्या ट्रॉलीपेक्षा महाग असते आणि जुनी झाल्यावर दुरुस्तीलाही अधिक खर्च मागते.

== किंमत ठरविण्याची रीत ==

जुन्या ट्रॉलीला छापील किंमत नसते. व्यवहारात तिचा तळभाव भंगाराच्या दराने निघतो: रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर नेल्यास, समजा ती १,५०० किलो भरली, तर त्या वजनास लोखंडाच्या चालू भंगार दराने गुणून येणारी रक्कम ही विक्रेत्याला कधीही मिळू शकणारी रक्कम होय. या आकड्याच्या खाली तो उतरत नाही. उतरला तर कागदपत्रांकडे अधिक बारकाईने पाहणे इष्ट ठरते. तळभावावर टायर, अॅक्सल व पाट्यांची अवस्था यांनुसार किंमत चढते.

टायर हा जुन्या ट्रॉलीतील सर्वांत फसवा घटक आहे. मागितलेल्या किमतीत एक जोडी नव्या टायरांचा खर्च मिळविल्यावर स्वस्त ट्रॉली स्वस्त राहत नाही, असे पुष्कळदा घडते. त्यामुळे मागणीची किंमत, आवश्यक दुरुस्ती, टायर, हस्तांतरणाचे शुल्क व विमा यांची बेरीज करून तिची तुलना स्थानिक कारागिराकडील नव्या ट्रॉलीच्या दराशी केली जाते. गळीत हंगाम तोंडावर आला की मागणी वाढते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, जेव्हा विक्रेत्याला बियाणे व खतासाठी रोख हवी असते, तेव्हा घासाघीस करण्यास अधिक वाव असतो. हाती पैसा नेमका त्याच वेळी खरेदीदाराकडेही नसतो, ही या बाजाराची अडचण आहे.

== तपासणी ==

रंग ताजा असेल तर पाहणी खालून सुरू करावी लागते, कारण नवा रंग गंज आणि वेल्डिंग दोन्ही झाकतो. चेसीच्या चॅनेलला हुकाच्या दांडीजवळ आणि पाटे जेथे टांगलेले असतात तेथे सर्वाधिक ताण येतो. तडे प्रथम तेथेच जातात. त्या जागी एकावर एक वेल्डिंगचे थर किंवा वरून ठोकलेली पट्टी दिसल्यास ट्रॉली कुवतीपेक्षा अधिक ओझ्याने वापरली गेल्याचे ते लक्षण होय. तळाचा पत्रा खालून हातोडीने वाजवून पाहतात. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द आवाज देतो. गोदावरी व पूर्णा या नद्यांच्या पट्ट्यात ही कसोटी विशेष महत्त्वाची, कारण ओली वाळू वाहिलेल्या ट्रॉलीचा तळ आणि कोपरे लवकर खातात.

अॅक्सल तपासण्यासाठी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवतात. घरघर ऐकू आल्यास बेअरिंग गेलेले असते. चाक वर-खाली धरून हलविल्यावर खेळ जाणवल्यास बेअरिंग सैल किंवा हब झिजलेला असतो. टायरची एकच कड झिजलेली असेल तर अॅक्सल वाकलेला असण्याची शक्यता असते, आणि असा अॅक्सल नवे टायरही तितक्याच वेगाने खातो. टायरच्या बाजूवर चार अंकी उत्पादन खूण असते. तिचे पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालातील ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही बाजूस बारीक भेगा पडलेला टायर उन्हात उभा राहून कडक झालेला असतो. नव्याने रबर चढवलेले टायर स्वस्त असले तरी भरल्या उसाखाली ते कितपत टिकतील हे पाहून सांगता येत नाही.

हुकाचे कडे लांबट झिजलेले असल्यास ते बदलणे भाग असते. हायड्रॉलिक ट्रॉली असल्यास ती माल भरलेल्या अवस्थेत उचलून काही वेळ तशीच ठेवतात. ती आपोआप खाली उतरू लागल्यास जॅकमधील सील गळत असते. ही तपासणी करताना उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये, एवढी गोष्ट कोणत्याही काटकसरीपलीकडची आहे.

जुन्या ट्रॉल्यांपैकी पुष्कळांना स्वतःचे ब्रेक नसतात. संपूर्ण भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर थांबतो. म्हणूनच ट्रॉलीचा आकार घरच्या ट्रॅक्टरच्या शक्तीस झेपणारा असावा लागतो; मोठी ट्रॉली कमी किमतीत मिळाली म्हणून लहान ट्रॅक्टरला जोडणे उतारावर घातक ठरते.

== कागदपत्रे व हस्तांतरण ==

नोंदणी पुस्तकातील क्रमांक आणि चेसीवर कोरलेला क्रमांक जुळणे ही पहिली अट आहे. चेसी क्रमांकाची पट्टी कापून दुसरीकडे जोडलेली आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवला जातो. वाहनाची नोंद केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ अॅपवर क्रमांक टाकून पाहता येते. परभणीच्या वाहनांचा संकेत ‘एमएच २२’, नांदेडचा ‘एमएच २६’ आणि हिंगोलीचा ‘एमएच ३८’ आहे. चुडावा या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमांजवळ असल्याने शेजारच्या जिल्ह्यातील पासिंगची ट्रॉली येथे विक्रीस येणे स्वाभाविक आहे.

विक्रीनंतर नमुना २९ व नमुना ३० भरून परिवहन कार्यालयात मालकी बदलाची नोंद करावी लागते. राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळविणे अधिनियमाच्या कलम ५० नुसार बंधनकारक आहे. नोंदणीवर बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा असल्यास तो नमुना ३५ द्वारे उतरविल्याशिवाय ट्रॉली मोकळी होत नाही. मूळ मालक मृत असेल तर वारसाच्या नावे नमुना ३१ प्रमाणे नोंद आधी करून घ्यावी लागते. भावाभावांच्या वाटणीत ट्रॉली एकाकडे आणि कागद वडिलांच्या नावे अशी स्थिती सर्रास आढळते. अशा वेळी इतर वारसांची लेखी संमती नसल्यास वाद उद्भवतात. परराज्यातील वाहनासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते.

ग्रामीण भागात मुद्रांक कागदावर लिहून नोटरी केलेला विक्रीलेख पुरेसा समजला जातो. तो पैशाच्या देवाणघेवाणीचा पुरावा ठरतो, पण नोंदणीतील मालक बदलत नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ (२०१८) या प्रकरणात वाहन अनेक हातांतून गेले असतानाही नोंदणी ज्याच्या नावे राहिली तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. या निर्णयामुळे नाव न बदलण्याचा धोका प्रथम विकणाऱ्यावर येतो, आणि घेणाऱ्याकडे पैसे देऊनही नोंदणीतील मालकी राहत नाही.

नदीकाठच्या तालुक्यांत आणखी एक चौकशी आवश्यक असते. गौण खनिजाचे विनापरवाना उत्खनन वा वाहतूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ अन्वये महसूल अधिकारी वाहन जप्त करू शकतात, आणि दंड व बंधपत्राशिवाय ते सुटत नाही. वाळूच्या प्रकरणात अडकलेली ट्रॉली पुढे स्वस्तात विकली जाण्याचा संभव असतो. तहसील कार्यालयात व पोलीस ठाण्यात विचारणा करण्यास खर्च येत नाही. शासकीय अनुदानातून घेतलेल्या ट्रॉलीच्या विक्रीवरही अटी असू शकतात, म्हणून मूळ खरेदीची पावती मागण्याची रीत आहे.

== विमा आणि माणसांची वाहतूक ==

त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असून ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीचा स्वतंत्र उल्लेख व हप्ता असावा लागतो. चालकाच्या परवान्याविषयी ‘नागशेट्टी’ प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना असलेली व्यक्ती केवळ मागे ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही.

ट्रॉलीत बसलेल्या माणसांची स्थिती मात्र वेगळी आहे. मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांच्या भरपाईस विमा कंपनी बांधील नाही, हे ‘आशा राणी’ प्रकरणात २००२ मध्ये स्पष्ट झाले. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवरील मजुराच्या ‘ब्रिज मोहन’ प्रकरणात (२००७) न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले नाही. मजुराची हलाखी पाहून रक्कम आधी कंपनीने द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश तेवढा दिला. कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पाहुणे, मजूर वा यात्रेकरू बसविलेल्या ट्रॉलीचा अपघात झाल्यास भरपाईचा भार अखेरीस मालकाच्या जमिनीवर येऊ शकतो.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण मृत्युमुखी पडले. चुडाव्याजवळचा अपघात त्याहून अलीकडचा आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात हळदीच्या कामासाठी मजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. त्यात वसमत तालुक्यातील गुंज येथील ७ महिलांचा मृत्यू झाला. शेतावर मजूर नेण्यास परवडणारे दुसरे साधन बहुतेक गावांत नाही, त्यामुळे ही वाहतूक बंद झालेली नाही.

रात्रीच्या प्रवासात धोका मागून येणाऱ्या वाहनाकडून असतो. जुन्या ट्रॉलीचे मागील दिवे तुटलेले किंवा वायर नसलेले असतात आणि उसाची मोळी बाहेर आल्याने उरलेलेही झाकले जातात. लाल परावर्तक पट्ट्या हा सर्व दुरुस्त्यांतील सर्वांत स्वस्त खर्च असून तोच सर्वाधिक टाळला जातो.

== पर्याय ==

ट्रॉलीचे काम वर्षातून मोजकेच दिवस असल्यास ती भाड्याने घेणे परवडते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणी जिल्ह्याचा समावेश असून त्यातून शेतकरी गटांना अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभारण्यास साहाय्य देण्यात आले. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि ट्रेलरसह त्याची उपसाधने ९० टक्के अनुदानावर मिळतात; उरलेला १० टक्के हिस्सा गटाने भरावयाचा असतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक ट्रॉली घेण्याचीही प्रथा आहे. नोंदणी सहसा त्यांतील एकाच्याच नावे केली जाते, म्हणून वापराचे दिवस, टायरचा खर्च आणि पुढील विक्रीतील वाटा यांचा करार लिहून ठेवतात.